शेतकऱ्याची कीर्द-खतावणी

गांवांतील किराणा दुकानदार रात्रीं दुकान बंद करण्यापूर्वीं दिवसाची कीर्द लिहून काढतो. तो कितीहि थकलेला असो, घरीं पाहुणे येऊन बसलेले असोत, हें काम तो दुसऱ्या दिवसावर टाकीत नाहीं. त्याच गांवांतील आठ-दहा एकर धानाचा शेतकरी त्या दुकानदाराहून कमी उलाढाल करितो असें मुळींच नाहीं. बियाणें, खत, औषध, ट्रॅक्टरचें भाडें, रोवणीची व कापणीची मजुरी, सोसायटीचें कर्ज, विजेचें बिल, धानाची विक्री, इतकीं खातीं त्याच्या मागें लागलेलीं असतात. परंतु त्यांचा सारा हिशेब तो डोक्यांत ठेवितो, आणि डोकें हें ज्या वेळीं नेमकें उपयोगी पडावयास पाहिजे त्या वेळीं, म्हणजे आषाढांतील रोवणीच्या गर्दींत, दगा देतें.

कीर्द आणि खतावणी हे दोन्ही शब्द आपल्याकडे जुन्या काळापासून रूढ आहेत. रोज जें घडलें तें घडलेल्या क्रमानें लिहावें ती कीर्द; आणि कीर्दींतील रकमा ज्याच्या त्याच्या नांवाखालीं उचलून मांडाव्या ती खतावणी. पेशव्यांच्या दप्तरांत रोजकीर्दीचे कागद रुमालांत बांधून ठेविलेले आजहि पाहावयास मिळतात. शेतकऱ्यानें हीच रीत केवळ पैशांपुरती न ठेवतां कामांनाहि लावावी, इतकेंच या लेखांत सुचवावयाचें आहे. त्यास महाग साधन लागत नाहीं. खिशांत मावणारी एक वही, घरीं ठेवण्याची एक जाड वही आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल एवढें पुरे. शाईचें पेन नको; पावसाच्या चार थेंबांनीं अक्षर पसरतें.

नोंद दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें हें महाराष्ट्रानें एकदां चांगलें पाहिलें आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील बऱ्याच गांवांत पसरला. लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता. कर्जरोखे हस्तगत करून जाळून टाकावे हा मुख्य हेतु होता. किती घेतलें व किती फेडलें याचा पुरावा सावकाराच्या वहींतच असे, शेतकऱ्याजवळ कागदाचा तुकडाहि नसे. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांकरितां जो कायदा झाला, त्यांत दिलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब व खातेपुस्तक मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. आपला मुलूख तेव्हां मध्यप्रांतांत, भंडारा जिल्ह्यांत मोडत असे; तेथेंहि १९३४ च्या सावकारी कायद्यानें धनकोस हिशेब ठेवण्याचें व ऋणकोस तो देण्याचें बंधन घातलें. कायद्यानें दुसऱ्याकडून हिशेब मागतां येतो, हें खरें. पण तो बरोबर आहे कीं नाहीं हें पडताळून पाहावयास आपली स्वतःची वही लागते, आणि ती कोणताहि कायदा लिहून देत नाहीं.

आतां शेताकडे वळूं. आपल्याकडे पऱ्हे केव्हां टाकले असें विचारलें तर "मृगांत" असें उत्तर मिळतें, आणि रोवणी "पुनर्वसूंत" झालेली असते. बोलण्यास हें ठीक आहे. परंतु एक पावसाळी नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतें. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतें व आर्द्रा २१-२२ जूनला. मृगाच्या आरंभीं, ८ जूनला टाकलेले पऱ्हे आणि मृगाच्या शेवटीं, २० जूनला टाकलेले पऱ्हे हे दोन्ही "मृगांतलेच"; पण ८ जुलैला पाहावें तर पहिले ३० दिवसांचे व दुसरे १८ दिवसांचे असतात. मध्यम मुदतीच्या धानाची रोवणी पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असतां करावी असें शास्त्रज्ञ सांगतात, कारण त्याहून जून झालेल्या रोपांस फुटवे कमी येतात, व हलक्या धानांत तर हें नुकसान अधिकच दिसतें. म्हणजे जी गोष्ट दिवसांनीं मोजावयाची ती आपण पंधरवड्यानें मोजतों. नक्षत्राचा अभिमान अवश्य बाळगावा, मात्र त्याच्या शेजारीं तारीखहि लिहावी.

पऱ्हे टाकल्याची एक तारीख हातीं असली कीं पुढल्या बहुतेक तारखा तिच्यावरून काढतां येतात. समजा, १३५ दिवसांचें वाण १५ जूनला टाकलें. रोवणीचा योग्य काळ ६ ते १० जुलै. लोंबीचा गर्भ धरण्याचा काळ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यांत, व शेवटचा नत्राचा हप्ता तेव्हां. निसवण सप्टेंबरच्या अखेरीस, आणि कापणी २८ ऑक्टोबरच्या आसपास. त्यापूर्वीं दहा-पंधरा दिवस बांधींतील पाणी काढावयाचें. हीं कामें वहींत आगाऊ लिहून ठेवण्यास चौथा हिस्सा तासहि लागत नाहीं. पाऊस लांबला, पऱ्हे वाळून दुबार टाकावे लागले, तर जुन्या तारखा खोडून नव्या मांडाव्या. खोडाखोडीची लाज वाटूं देऊं नये. स्वच्छ वहीपेक्षां खरी वही बरी.

वहीच्या पहिल्या पानावर शेताचा कच्चा नकाशा काढावा. आपल्या धानपट्टींत ही गोष्ट इतर मुलखांपेक्षां अधिक महत्त्वाची आहे, कारण येथें शेत म्हणजे एक सपाट तुकडा नसून उतारानें एकाखालीं एक उतरत गेलेल्या बांध्या असतात, आणि वरच्या बांधींतून खालच्या बांधींत पाणी जातें. प्रत्येक बांधीस एक आंकडा द्यावा, तिचें घरांत चालणारें नांव लिहावें ("आंब्याखालची", "बोडीजवळची", "खोलगट"), गट क्रमांक व अंदाजी क्षेत्र लिहावें, आणि पाणी कोठून येतें व कोठें जातें तें बाणानें दाखवावें. यानंतर वहींत "खालच्या शेतांत खत टाकलें" असें मोघम वाक्य येतां कामा नये. "बांधी ५, युरिया अर्धी गोणी" असें लिहिलें म्हणजे दुसऱ्या माणसासहि तें समजतें, व वाटणी झाल्यावर भावासहि समजतें.

खिशांतील वहीचें डावें पान झालेल्या कामांकरितां व उजवें पान करावयाच्या कामांकरितां ठेवावें. डाव्या पानावर तारीख, बांधी, काम, माणसें, साहित्य व शेरा, इतकेंच. उदाहरणार्थ: "१५ जून. पऱ्ह्यांची जागा. दोन एकरांकरितां बियाणें ३० किलो, पिशवीवरील लॉट क्रमांक लिहून घेतला. बीजप्रक्रिया केली. संध्याकाळीं पाऊस." किंवा: "८ जुलै. बांधी ३ व ४. रोवणी, बाया १४, सकाळीं ९ ते ५. बांधी ४ चा कोपरा राहिला." यांत साहित्य नाहीं, अलंकार नाहीं, परंतु मजुरी चुकवितांना चौदा बाया होत्या कीं सोळा हा वाद होत नाहीं, आणि राहिलेला कोपरा दुसऱ्या दिवशीं विसरला जात नाहीं. पावसाचा आंकडाहि येथेंच लिहावा. महसूल मंडळाच्या यंत्रावर जो पाऊस मोजला जातो तो आपल्या बांधींत तितकाच पडला असेल असें नाहीं. सरळ बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजलें तरी कामापुरता अंदाज मिळतो.

उजव्या पानाचे नियम थोडे अधिक कडक असावे, कारण शेतीचें बहुतेक नुकसान न केलेल्या कामांनीं होतें. प्रत्येक कामापुढें तीन गोष्टी असाव्या: कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या बांधींत, आणि कोणी. तिसरी गोष्ट बहुधा गाळली जाते. "बांध फुटला आहे, बुजवावा" असें घरांत चार जणांनीं म्हटलें, तर चौघांनाहि तें दुसऱ्याचें काम वाटतें. काम झालें कीं त्यावर रेघ ओढावी. जें झालें नाहीं तें दुसऱ्या दिवशीं पुन्हा लिहावें; केवळ मागच्या पानावर राहूं देऊं नये, कारण मागचें पान कोणी पाहात नाहीं. तेंच काम तीन वेळां पुढें ढकललें गेलें तर थांबून विचार करावा. एक तर तें करण्यासारखें नसावें, तसें असल्यास सरळ खोडून टाकावें. नाहीं तर त्यास आपणांजवळ नसलेलें कांहीं तरी लागत असावें, तसें असल्यास तें "कांहीं तरी" मिळविणें हेंच पहिलें काम म्हणून लिहावें.

दुसऱ्यांवर अवलंबून असलेल्या कामांभोंवतीं वर्तुळ काढण्याची संवय मला फार उपयोगाची वाटते. आपल्या हातचें काम आपण रात्रींचा दिवस करूनहि उरकूं शकतों. परंतु चिखलणीचा ट्रॅक्टर, रोवणीची टोळी, पाण्याची पाळी, सोसायटींतून येणारें खत हीं आपल्या हुकमतींतलीं नव्हेत. रोवणीच्या दिवसांत सारा गांव त्याच ट्रॅक्टरची व त्याच बायांची वाट पाहात असतो. अशा कामापुढें कोणी शब्द दिला, कोणत्या दिवसाचा दिला व आपण पुन्हा केव्हां विचारावयाचें, हें लिहावें. सकाळीं वही उघडतांच प्रथम वर्तुळें पाहावीं व फोन करावे, मग स्वतःच्या कामास लागावें. पुष्कळ जण याच्या उलट करितात. दुपारपर्यंत बांधींत राबतात आणि दुपारीं समजतें कीं ट्रॅक्टर दुसरीकडे गेला.

लिहिल्यानें पैसा कसा वांचतो याचें साधें उदाहरण खताचें आहे. रोवणीच्या सुधारित धानास हेक्टरीं १०० किलो नत्राची शिफारस धरली तर एकरीं ४० किलो होतें; त्यांतील अर्धें रोवणीच्या वेळीं, पाव फुटव्यांच्या वेळीं व पाव लोंबी पोटांत धरतांना. युरियाच्या ४५ किलोच्या गोणींत ४६ टक्क्यांप्रमाणें सुमारें २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतें, म्हणजे एकरास दोन गोण्या. पण रोवणीच्या वेळीं एकरास डीएपीची ५० किलोची एक गोणी घातली असेल तर तिच्यांतून ९ किलो नत्र आधींच गेलें; तेव्हां युरिया दोन नव्हे, दीड गोणी लागतो. रोवणीच्या घाईंत डीएपी कोणत्या बांधींत पडलें व कोणत्या बांधींत संपलें हें ऑगस्टमध्यें कोणास आठवणार? मग सर्वत्र सारखा युरिया फेंकला जातो, एखाद्या बांधींत मुलगा व सालदार दोघेहि वेगवेगळ्या दिवशीं फेंकतात, धान काळेंभोर दिसूं लागतें, शेजारी कौतुक करितो, आणि आश्विनांत तुडतुडे व करपा नेमके त्याच बांधींत येतात. उरलेलें वाऱ्यानें लोळतें. नत्र अधिक झालें म्हणजे हे उपद्रव वाढतात हें आतां सर्वांस माहीत आहे. नव्हती ती केवळ नोंद.

किडीच्या बाबतींतहि "गाद फार आहे" या शब्दांस अर्थ नाहीं. आठवड्यांतून एकदां ठराविक बांधींत फिरून दहा चुडी निवडाव्या, एकूण फुटवे मोजावे, त्यांत गादमाशीचे चंदेरी पोंगे किती व खोडकिड्यानें वाळलेले किती तें लिहावें. शंभरांत पांचांच्या वर गेले तर औषधाचा विचार करावा. मागच्या आठवड्यांत दोन, या आठवड्यांत दोन, असें वहींत दिसलें तर औषधाचा एक फवारा वांचला.

खिशांतील वही ही कीर्द झाली. आठवड्यांतून एकदां, बाजाराच्या दिवशीं किंवा अमावास्येस बैल-माणसें विसांवा घेतात त्या दिवशीं, तिच्यांतील मजकूर घरच्या जाड वहींत उचलावा. तेथें प्रत्येक बांधीस एक पान, प्रत्येक सालदारास एक पान (उचल किती, खाडे किती), सोसायटीच्या कर्जास एक पान. कर्जाच्या पानावर परतफेडीची मुदत ठळक लिहावी. पीककर्जावरील व्याजाची सवलत मुदतीच्या आंत फेडणारासच मिळते, व एक दिवस चुकल्यानें ती जाते. बांधीच्या पानावर वाण, पऱ्ह्यांची व रोवणीची तारीख, खत, औषध, निसवणीची तारीख, कापणी आणि उत्पन्न. उत्पन्न लिहितांना एक अडचण येते. आपल्याकडे जुनीं माणसें खंडी-कुडोनें मोजतात, तें माप आकारमानाचें आहे. जाड धान व बारीक धान यांचा कुडो सारखा भरत नाहीं, ओलें व वाळलेलें तर नाहींच. प्रत्येक वाणाचा एक कुडो कांट्यावर घालून त्याचें वजन पानाच्या माथ्यावर लिहिलें म्हणजे खंडीचे क्विंटल करतां येतात.

एका वर्षाच्या पानांवरून फारसें कळत नाहीं. तिसऱ्या वर्षापासून वही बोलूं लागते. समजा, बांधी २ व बांधी ५ यांत वाण एकच, खत सारखें, तरी पांचव्या बांधींत दर वर्षीं एकरीं दोन क्विंटल कमी. मालक म्हणतो, जमीन हलकी आहे. पण तीन वर्षांचीं पानें शेजारीं ठेवून पाहिलीं तर असें दिसतें कीं, शेवटची म्हणून त्या बांधींत तिन्ही वर्षें पस्तीस दिवसांचे पऱ्हे रोवले गेले. मग दोष जमिनीचा कीं पाळीचा? पुढल्या वर्षीं तिच्याकरितां पऱ्हे दहा दिवसांनीं मागाहून टाकून पाहतां येतात. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं गव्हाच्या एका शेतांत जो प्रयोग आरंभिला तो अद्याप चालू आहे; त्याचें सारें मोल प्रत्येक पट्ट्यांत काय घातलें व काय निघालें हें अखंड लिहिलें गेलें यांत आहे. आपणांस पावणेदोनशें वर्षें नकोत, तीन पुरेत.

पाहिलेलें वेगळें ठेवण्याचें महत्त्व आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यानें दाखविलें आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं पटेल-३ या धानांत कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनीं त्या इतर धानांत मिसळूं दिल्या नाहींत. वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षें निवडल्या. त्यांतून जें बारीक धान निघालें त्यास त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून एचएमटी हें नांव पडलें, व आज तें पूर्व विदर्भांत घरोघर माहीत आहे. दादाजी २०१८ सालीं वारले. त्या धानाचें श्रेय कोणाचें यावर पुढें बराच वाद झाला. २००१ च्या कायद्यानें आतां शेतकऱ्यासहि स्वतःच्या वाणाची नोंदणी करतां येते. परंतु अर्जांत वाणाचे विशेष गुण सांगावे लागतात, आणि ते दहा वर्षांच्या लिहिलेल्या पानांवरून सांगणें व आठवणीवरून सांगणें यांत अंतर आहे.

घरच्या वहीच्या शेवटीं कागद ठेवण्याकरितां एक पाकीट चिकटवावें. बियाण्याचें बिल, पिशवीवरील लेबल व थोडें उरलेलें बी हीं कापणीपर्यंत जपावीं. उगवण झाली नाहीं तर तक्रार यांच्याच जोरावर उभी राहते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे सातबारावरील पिकाची नोंद आतां शेतकऱ्यानेंच मोबाईलवरून करावयाची आहे. आधारभूत केंद्रावर धान नेतांना ही नोंद पाहिली जाते. तिची मुदत उजव्या पानावर असावी. कागदाचें मोल आपल्या तलावांच्या इतिहासांतहि दिसतें. ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी गेली व तलाव सरकारकडे आले. तरी पाणी घेण्याचा कोणाचा हक्क कसा, हा प्रश्न निघाला कीं जुनी वाजिब-उल-अर्ज उघडली जाते, कारण वहिवाट तेथें लिहिलेली आहे. जी वहिवाट लिहिली गेली नाहीं ती म्हाताऱ्यांबरोबर जाते.

लिहावयाचें कोणी, हा प्रश्न राहिला. मालकानेंच लिहावें असें नाहीं. घरांतील मुलगी किंवा सून हिचें अक्षर बहुधा अधिक वाचनीय असतें, व मजुरांच्या हजेरीची तिला खरी माहिती असते, कारण रोवणीच्या टोळींत तीहि असते. रात्रीं जेवणापूर्वीं एकानें सांगावें व एकानें लिहावें. असें केलें म्हणजे कोणतें काम कोणाकडे, हें सर्वांच्या देखत ठरतें. मोबाईलवर लिहिणारांनीं खुशाल लिहावें, बिलांचें छायाचित्र तर जरूर काढावें. परंतु चिखलानें भरलेल्या हातांस शिसपेन्सिल अधिक सोसते, आणि वही चार्ज करावी लागत नाहीं.

पाडव्यास किंवा अक्षय तृतीयेस नवा सालदार ठरतो, त्याच दिवशीं नवी वही घालावी. जुन्या वहीच्या उजव्या पानांवर ज्या कामांवर रेघ ओढलेली नाहीं तीं प्रथम नव्या वहींत उतरवावीं: फुटकी मोरी, मोजणीचा अर्ज, बांधी ५ चे पऱ्हे मागाहून टाकणें. जुनी वही कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटींत ठेवावी. धानाच्या कोठीजवळ नको, तेथें उंदीर असतात.